उन्हात वाचता येणारा मीटर

मी, ओतिलिया कुएयार मोये, वय सत्तावन्न, घटस्फोटित, धंदा विमानांच्या रेडिओ-अँटेनांची दुरुस्ती, राहणार त्रिनिदाद, प्रांत बेनी, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि जाग्या डोक्याने लिहून ठेवत आहे. माझ्या डोक्याबद्दल शंका घेणारा एकच माणूस या गावात आहे. तो माझा धाकटा भाऊ एर्विन. त्याची सोय कलम तिसऱ्यात केलेली आहे.

लिहिण्यास कारण की, येत्या सोमवारी सांता क्रूसच्या इस्पितळात माझे पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणाला, "बाई, काळजीचं काही कारण नाही." हे सांगताना तो माझ्याकडे नाही, घड्याळाकडे पाहत होता. सबब मी काळजी केली आणि कोरे कागद आणले.

माझी मिळकत थोडी आहे आणि ती वाटायला अर्धे पान पुरेल. खरा प्रश्न एकच आहे. विमानतळावरच्या हँगरच्या कोपऱ्यात माझी कार्यशाळा आहे. ती माझ्यामागे चालणार, की एर्विनच्या मनात आहे त्याप्रमाणे तिथे कोंबड्या भाजल्या जाणार? त्याचा निकाल कलम सहाव्यात आहे. वाचणाऱ्याने थेट तिकडे उडी मारू नये. तिथवर पोचायला मलाही वेळ लागला.

कलम पहिले. राहते घर माझी मुलगी नोर्का रिबेरा कुएयार हिला. समोरच्या खोलीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या रेघा आहेत. सर्वांत वरची रेघ नोर्का पोटात होती त्या वर्षीची. तेव्हा आम्ही चूल टेबलावर मांडली होती आणि मी स्वयंपाकाला जमिनीवरून नाही, होडीतून उतरून आत येत होते. भिंतीला रंग द्यावा, पण रेघा सोडून. रंगारी म्हणेल, "बाई, हे डाग जातील." त्याला म्हणावे, माणसे गेली, डाग राहू देत.

कलम दुसरे. माझी निजायची मोठी झोळी, विणलेली, निळ्या काठांची, लिंबेर रिबेरा यास. लिंबेर हा माझा पूर्वीचा नवरा आणि पूर्वीचा वैमानिक. हल्ली तो लास गार्सासच्या कुरणावर गुरे आणि रेडिओ सांभाळतो. पावसाळ्यात तिथे विमानाशिवाय कोणी पोचत नाही, आणि माझ्या मते त्याने ती जागा त्याचसाठी निवडली.

काडीमोड झाल्यापासून आम्ही एकमेकांचा उंबरा ओलांडलेला नाही. मात्र प्रत्येक दुरुस्त विमानाची शेवटची चाचणी म्हणून मी त्या विमानात बसून लास गार्सासला हाक मारते आणि तिकडून तो आवाजाची प्रत सांगतो. बाकीचे लोक त्यासाठी एक ते पाच आकडे वापरतात. लिंबेर जेवण वापरतो.

"लास गार्सास, कसा येतोय आवाज?"

"पातळ लोक्रो. भात गेला तळाला, वर नुसतं पाणी."

मी बाहेर येऊन जोड घट्ट करते, परत आत बसते.

"आता?"

"हां, आता मासाको. केळं छान कुटलंय, सुकं मांससुद्धा लागतंय दाताला. तू जेवलीस का?"

"चाचणी संपली. बंद करते."

त्याच्या या शेवटच्या प्रश्नाला मी इतक्या वर्षांत एकदाही उत्तर दिले नाही, कारण विमानांच्या लहरींवर खासगी बोलणे मना आहे. ते उत्तर येथे लेखी देत आहे: बहुतेक वेळा नव्हते जेवले. झोळी त्याने दोन खांबांना बांधावी. तिसऱ्या खांबाला बांधून दाखवायचा हट्ट धरू नये. पडून पाठ मोडून घेशील, आणि आता शेकायला मी नाही.

कलम तिसरे. उस्तादांचा जुना सुईचा मीटर एर्विन कुएयार मोये यास.

उस्ताद म्हणजे फाउस्तो गुआही. ही कार्यशाळा त्यांनी उभी केली. मी तिथे आले तेव्हा कुरणांवरचे मांस शहरात विमानाने जात असे. सकाळी हँगरमध्ये पेट्रोल, रक्त आणि कॉफी असा तिहेरी वास असायचा. आजही कुठे कॉफी उकळली की त्यात काहीतरी कमी आहे असे मला वाटते आणि ते काय हे चारचौघांत सांगता येत नाही. उस्तादांनी पहिल्याच दिवशी रेडिओ आणि अँटेना यांच्या मधल्या केबलमध्ये तो मीटर जोडला. रेडिओकडून किती शक्ती गेली आणि अँटेनाकडून किती परत आली ते त्याची सुई दाखवायची.

"पोरी, चांगली अँटेना म्हणजे उधळ्या मुलगा," ते म्हणाले. "जेवढं देशील तेवढं आभाळात उडवतो, घरी काही परत आणत नाही. परत यायला लागलं की समज, बिघडला."

मागल्या सुरासोत, थंड वारे सुटले तेव्हा, एर्विनने शिडीवर टाकलेली ताडपत्री उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवायचा तो हा मीटर ठेवला. ताडपत्री उडाली. मीटर शिडीवरून खाली आला.

"ताई, काही नाही झालं त्याला! बघ की, चालतोय. सगळं छान दाखवतोय."

"म्हणूनच तर मेला तो, एर्विन."

सुई शून्यावर अडकली आहे. आता तो मीटर अँटेनाला, कपडे वाळत घालायच्या तारेला आणि दाराच्या कडीला सारखेच उत्तम म्हणतो. एर्विनला आयुष्यभर असाच मीटर हवा होता. वास्तविक त्या मीटरच्या हिशेबाने एर्विन स्वतःच या खंडातली सर्वोत्तम अँटेना आहे: त्याला दिलेले काहीही कधीही परत आलेले नाही.

कलम चौथे. हे कलम मिळकतीचे नाही, पण जो कोणी पुढे मीटर विकत घेईल त्याच्यावर बंधनकारक आहे.

एकदा लसी नेणाऱ्या विमानाचा रेडिओ आमच्याकडे आला. उस्तादांनी मीटर लावला. परत काहीच येत नव्हते. इतकी सुंदर सुई आम्ही दोघांनी पाहिली नव्हती. उस्तादांनी कॉफी मागवली. मी विमानात बसून लास गार्सासला हाक मारली. गप्प. पुन्हा मारली. गप्प. शेवटी कार्यशाळेच्या रेडिओवरून ओरडले तेव्हा लिंबेर म्हणाला, "मघाशी तू बोलत होतीस? मला वाटलं, रागावलीस."

"आवाज कसा होता ते सांग!"

"कसला आवाज? ताटच वाढलं नव्हतं."

उस्तादांनी केबल कापली. आत तांबे हिरवे झाले होते आणि पुराचे पाणी ठिबकत होते. जाणारे सगळे केबलनेच वाटेत खाल्ले होते. अँटेनापर्यंत थोडे पोचले आणि तिथून जे परतले तेही केबलने खाल्ले. मीटरला दिसले ते एवढेच, की परत काही आले नाही. उस्ताद खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"परत आलं नाही म्हणजे पोचलं, असं नसतं, पोरी. कधी बॅटरीवरचा मीटर मिळाला, तर अँटेना सोडव. केबलचं टोक उघडं ठेव. मग सगळं परत यायला हवं. नाही आलं, तर वाटेत चोर आहे."

ही युक्ती विमानाच्या रेडिओवर करू नये. उघड्या टोकावर रेडिओ बोलला तर स्वतःच जळतो. तिच्यासाठी स्वतः हळूच कुजबुजणारा, छोट्या बॅटरीवरचा मीटर लागतो. उस्ताद गेले तोवर तसा मीटर आमच्याकडे आला नाही.

त्याच रात्री लिंबेरबद्दलही मी पुष्कळ विचार केला. संसार होता तेव्हा तो घरी परत येत नसे, आणि मी ते चांगले चालल्याचे लक्षण समजत होते. असो. हे कलम मीटरचे आहे.

कलम पाचवे. बँकेत जे असेल त्यातून इस्पितळाचे भागवावे, उरेल ते नोर्काला. माझ्या अंत्ययात्रेत विमानाच्या आकाराचा फुलांचा गुच्छ आणू नये. उस्तादांसाठी आणला होता. त्याचे पंख उलटे बसवले होते आणि मला रडता आले नाही.

कलम सहावे. कार्यशाळेचे.

नोर्का एकोणतीस वर्षांची आहे. काम माझ्याइतकेच जाणते आणि बोलते माझ्याहून जास्त. सांता क्रूसच्या एका मोठ्या हँगरमध्ये तिला नोकरी देऊ केली आहे. तिथे डोक्यावर छत आहे, थंड हवा आहे, महिन्याला ठरलेला पगार आहे. तिने हो म्हटले की नाही ते मला सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. या वयाच्या मुलीला आईने प्रश्न विचारला की तो तिला प्रश्न वाटत नाही, दोर वाटतो. माझ्या आजारपणाचा दोर आधीच तिच्या पायात होता. दुसरा मला टाकायचा नव्हता.

मागच्या महिन्यात नोर्का ती जागा बघायला सांता क्रूसला निघाली. मी म्हटले, "जातेच आहेस तर नवा मीटर आण. एर्विनने मारलेल्याच्या जागी."

दुकानातून तिचा फोन आला.

"आई, तीन आहेत. एकाचा पडदा केवढा, रंगीत, आलेख असा काढतो की फ्रेम करावा. दुसरा सुईचा, आपल्यासारखा. तिसरा करडा, कॅल्क्युलेटरसारखा, बिचारा. कुठला घेऊ?"

"तू बघ."

"तू बघ काय! तुझं मत सांग."

"माझं मत पित्ताशयात आहे. काढल्यावर मिळेल."

ती फणफणली, पण फोन बंद न करता तसाच काउंटरवर ठेवला. पुढचे सगळे मी ऐकले.

"दादा, कुरणांवरच्या रेडिओपासून विमानतळाच्या टॉवरपर्यंत, सगळ्या लहरींवर यातला कुठला चालतो?"

"ताई, हा रंगीत घ्या. हा सगळंच करतो."

"सगळंच करतो म्हणणाऱ्याशी माझ्या आईने लग्न केलं होतं. आकडे सांगा."

दुकानदाराने आकडे सांगितले. मग पिशवीची चेन वाजली.

"ही काय घाण आणलीत?"

"कुजलेली केबल. टोक उघडं ठेवते. बघू, कोण फसतंय. सुईवाला बाजूला ठेवा, त्याला रेडिओ लागतो आणि तो मी जाळणार नाही."

थोड्या वेळाने दुकानदार म्हणाला, "दोन्ही मीटरांनी चोर पकडला, ताई. आता तरी रंगीत घ्या."

"थांबा. दोन्ही बाहेर नेते."

"बाहेर? अहो, बाहेर रणरणतं ऊन आहे!"

"म्हणूनच."

दुकानदाराने बहुधा फोनही तिच्यामागे नेला, कारण मला मोटारसायकलींचा गलका ऐकू आला.

"कुठे गेला तुमचा आलेख? यात माझंच तोंड दिसतंय."

"हाताने सावली करा ना, ताई."

"एक हात विमानाच्या पंखाखाली, एक हात मीटरला. तिसरा तुम्ही येऊन देणार आहात?" मग जरा थांबून, "हा करडा मात्र स्पष्ट दिसतो. हाच द्या."

मी फोन खाली ठेवला आणि स्टुलावर बसले.

सांता क्रूसच्या त्या हँगरला छत आहे. तिथे अख्खे विमान आत मावते. आमचा कोपरा एवढासा, की विमानाचे नाकसुद्धा आत येत नाही. आम्ही अँटेना तपासतो त्या धावपट्टीशेजारी, दुपारच्या उन्हात, घाम डोळ्यांत जात असताना. जिला तिकडे जायचे आहे ती मीटर उन्हात नेऊन कशाला बघेल? माझ्या मुलीने मला उत्तर दिले होते आणि तिला स्वतःलाही ते बहुधा अजून कळले नव्हते.

सबब कार्यशाळा, तिची जागा, हत्यारे आणि तो करडा मीटर माझ्या मरणानंतर हे सगळे नोर्काला मिळावे. पुढे कंटाळली तर तिने ती बंद करावी, विकावी, तिचे देऊळ-मठ काही करावे. तिच्यावर कसलेही बंधन नाही.

कलम सातवे. वरील मजकूर आज सकाळी नोर्काने वाचला. मी दाखवला नव्हता. झाकलेले भांडे उघडून बघायची तिची सवय माझीच आहे.

"मेल्यावर?" ती म्हणाली.

"मृत्युपत्र आहे. यात सगळं मेल्यावरच असतं."

"आणि तू वाचलीस तर? मी काय करू, तुझ्या मरणाची वाट बघत केबली सोलू? सांता क्रूसवाल्यांना मी कालच 'नाही' म्हणून कळवलं. मला ती आत्ता हवी."

"आणि मी कुठे जाऊ?"

"तू ते पित्ताशय काढून ये आधी. मग बघू, तुला ठेवायचं की नाही."

मी म्हटले, इतकी वर्षे मी तिथली मालकीण आहे. ती म्हणाली, "म्हणूनच सांगते. मालकिणीला मरायची मुभा असते. नोकराला विचारून जावं लागतं." हे बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. करड्या मीटरची बॅटरी काढून पुन्हा घालत होती, आणि ती उलटी घातली गेली होती.

त्यावर आम्ही दोघी वकिलाकडे गेलो. कार्यशाळा आजपासून नोर्काची आहे. सबब कलम सहावे रद्द. जे माझे नाही ते मी कोणाला ठेवून जाऊ शकत नाही. या मृत्युपत्रात आता घर, बँकेत उरेल ते, एक झोळी, एक मेलेला मीटर आणि माझी मते एवढेच उरले आहे.

साक्षीदार:

१. फ्रोइलान नोसा, विमानतळाच्या अग्निशमन गाडीचा चालक. गाडीत पाणी नसते, पण सही खरी आहे.

२. प्रुदेन्सिया आयाला, फाटकाजवळ कुन्यापे, म्हणजे चीजचे पाव, विकते. कागदावर तिच्या बोटांचे पीठ आणि चीज लागले आहे. ती खाडाखोड समजू नये.

ठिकाण त्रिनिदाद. गुरुवार, ८ ऑगस्ट २०१९.

लिहून ठेवणार:
ओतिलिया कुएयार मोये
मदतनीस, नोर्का रिबेरा यांची कार्यशाळा. शस्त्रक्रियेसाठी रजेवर. रजा १ सप्टेंबरपर्यंतच मंजूर. वाढवून मागितली, मालकिणीने नाकारली.