आईचा राजीनामा मी लिहिला

२ जून, सकाळ
फरशी पुसणाऱ्या कंपनीचं व्हिजन काय असतं? मला सांगता येत नाही. काल उद्योजकता वर्कशॉपच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, तेव्हा मी ‘स्वच्छ फरशी’ म्हणाले. सर हसले. म्हणाले, ते काम झालं, व्हिजन वेगळं. घरी आईला विचारलं. ती म्हणाली, फरशी आधी वाळू दे, मग बोल.
आई बावीस वर्षं एका ऑफिसच्या इमारतीत झाडलोट करते. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. तिच्या हातातली बादली सुटावी म्हणूनच ही कंपनी.
संकल्प: आईने फडक्याला हात लावायचा नाही. कामातलं तिला काही विचारायचंही नाही. जिला बाहेर काढायचं, तिला पुन्हा त्यात ओढायचं कशाला?

४ जून
पार्टनर म्हणजे कॉलेजची मैत्रीण. आमच्या घरी तिला लॅपटॉप म्हणतात. त्याच्याशिवाय आलेली तिला कोणी पाहिलेली नाही. तिने लोगो केला: हसणारी बादली. माझ्या मते बादलीने हसू नये. तीन तास चर्चा. यालाच कोलॅबरेशन म्हणतात. वीट आला.

९ जून
सर चाळीस मिनिटं उशिरा आले आणि दीड तास स्वतःबद्दल बोलले. बोलताना ते दातातलं काहीतरी जिभेने काढत असतात. मी वहीकडे बघत होते. तरी मार्गदर्शक हवाच. दोन गोष्टी मिळाल्या. एक, परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. दोन, ग्राहकाला वास आला पाहिजे, वासावरूनच त्याला स्वच्छता कळते. दोन्ही लिहून घेतल्या.

१० जून
परतीचे दोर कापले. म्हणजे आईचे. राजीनामा मी लिहिला. सुरेख उतरला. ‘आपल्या आस्थापनेत व्यतीत केलेला प्रदीर्घ काळ’ वगैरे. वाचून दाखवला, तर म्हणाली, हे मी म्हणतेय होय? मग विचारलं, पहिलं काम मिळालं का गं? म्हटलं, मिळेलच. ती म्हणाली, तू शिकलेली, तुला कळतं. सही केली. ३० तारीख तिची शेवटची.

१५ जून
मिळालं! पलीकडच्या गल्लीत दातांच्या डॉक्टरीणबाई क्लिनिक उघडताहेत. रंगकाम संपलंय, २३ला उद्घाटन. काम आवडलं तर वर्षभराची सफाई आमची. आईने विचारलं, फरशी कसली आहे? म्हटलं, पांढरी. ती म्हणाली, पांढरी म्हणजे कसली? म्हटलं, आई, हे सगळं आता डोक्यातून काढ.

१९ जून, सकाळी साडेदहा
क्लिनिक. किळस. बेसिनमध्ये कोणीतरी रंगाचे ब्रश धुतलेत. मोरीच्या जाळीत केसांचा गुंता. जागा नवी आहे, मग हे केस कोणाचे? रंगाऱ्यांनी कोपऱ्याचा काय उपयोग केलाय ते लिहीत नाही.
लॅपटॉपचा मेसेज: पाठ धरली आहे, स्ट्रॅटेजी घरून करते. सर फोन उचलत नाहीत. मग दोनच शब्द आले: स्ट्राँग वापरा. दुकानातलं सर्वांत उग्र अ‍ॅसिड आणलं.

दुपारी एक
फरशी फसफसते आहे. बावीस वर्षांत आईने हा वेग पाहिला नसेल.

दुपारी तीन
तो मळ नव्हता. फरशी होती.

संध्याकाळ
डॉक्टरीणबाई आल्या. मी म्हटलं, याला मॅट फिनिश म्हणतात. त्या खाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, दातावर असं दिसलं तर आम्ही त्याला कीड म्हणतो.
आईला सांगावंच लागलं. ती म्हणाली, संगमरवरावर अ‍ॅसिड? अगं, ते संडासाच्या भांड्याला. आमच्या बुटकीलासुद्धा पहिल्या आठवड्यात कळलं होतं. बुटकी मावशी आईबरोबर काम करते. तिची शाळा पाचवीत सुटली.

२२ जून
तीन दिवस ड्यूटी संपवून आई थेट क्लिनिकवर. बरोबर बुटकी मावशी आणि आईच्या ऑफिसची फरशी घासणारे पॉलिशवाले काका, मशीनसकट. काकांनी घासायचं, मावशीने चिखल ओढायचा, आईने पाणी मारायचं. कोण काय करणार यावर एकदाही मीटिंग झाली नाही. कोणी व्हिजन विचारलं नाही. मला कडेला उभं केलं होतं. मी याला आउटसोर्सिंग म्हणते.
पॉलिशवाले काका आईला म्हणाले, वहिनी, पोरगी तुमचीच ना? मग विचारलं का नाही तुम्हाला? आई म्हणाली, माझे हात वाचवत होती. तिघंही हसले. मशीनच्या आवाजात.

२३ जून
फरशी चमकते. वर्षाचं काम दुसऱ्या कंपनीला गेलं. लॅपटॉपने नोकरी धरली, लोगोची फाइल पाठवली. सरांचा फोन: अपयश हा डेटा आहे, पुढच्या वर्कशॉपला येऊन अनुभव सांगा. हे बोलतानाही जीभ दातात. फोनवरूनही कळतं. शी.

२४ जून
भाकरी करता करता आईने विचारलं, तीसनंतर मी काय करायचं ते सांग, म्हणजे तशी तयारी करते. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, प्लॅन तयार होतोय. प्लॅन नाही.

२५ जून, दुपार
आईच्या ऑफिसला जाऊन आले. तिची ड्यूटी संपल्यावर गेले, म्हणजे ती दिसणार नाही. सुपरवायझर बाईंनी खणातून राजीनामा काढला आणि विचारलं, हे कोणी लिहिलंय? आम्हाला वाटलं, बाई आमच्यावर रागावून चालली. अजून तिच्या जागी कोणी घेतलेलं नाही, म्हणाल्या. मी कागद परत घेतला. फाडला.
मग विचारलं, आणखी एक जागा आहे का? तिसऱ्या मजल्याची बाई गेली आहे, त्या म्हणाल्या, पण तू शिकलेली ना? म्हटलं, हे नाही शिकले. कंपनी बंद नाही. सहा महिने फील्ड स्टडी.
फॉर्मवर हुद्द्याच्या रकान्यात मी ‘व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी’ लिहिलं. सुपरवायझर बाईंनी ते खोडून ‘सफाई’ लिहिलं, खाली आईचं नाव घातलं, हिच्या हाताखाली म्हणून, आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली.