आईच्या कबरीवरची गोधडी

लापाहा, टोंगा

बाबा,

दूरच्या लेकीचा नमस्कार. मी खुशाल आहे. यंदा कोनफळं चांगली पोसली आहेत. नवरा म्हणून पासिकाले मला जपतो. तुमचा खोकला कसा आहे?

येत्या रविवारी मला पासिकालेच्या कॅथलिक पंथात घेणार आहेत. बाकी सगळं पटलं, पण येशूच्या आईपाशी, मरीयेपाशी अडते. "मेलेल्यांकडे काही मागायचं नाही," हे आपल्या वेस्लियन देवळातलं तुमचं प्रवचन कानांतून जात नाही.

या महिन्यात मरीयेची मूर्ती इथे घरोघरी मुक्कामाला जाते. काल आमच्याकडे आली. सासूबाईंनी मानानं तिच्या कमरेला चटई गुंडाळली. आपण आईला पुरताना गुंडाळली होती, तशीच. "मरीये, आमच्यासाठी विनंती कर," एवढंच मला म्हणायचं होतं. पण गुडघे टेकले आणि समोर आईच दिसायला लागली.

"अगं, प्रवचनकाराची पोर ना तू?" सासूबाई म्हणाल्या. "आजच दातखीळ बसली होय?" सगळे हसले. मीही हसले.

मग आठवलं. लग्नानंतर इकडे यायला मी बोटीत बसायच्या आधी तुम्ही आईच्या कबरीवरची गोधडी नीट केलीत आणि पुटपुटलात, "पोरीकडे लक्ष ठेव गं." मी मागेच उभी होते.

बाबा, ते मागणंच होतं ना? असेल, तर रविवारी माझी जीभ अडायची नाही. नसेल, तर काल त्या मूर्तीतून माझ्याकडे कोण बघत होतं?

पुढच्या बोटीनं उत्तर धाडा. तोवर कबरीवर जाल, तेव्हा आईला सांगा, मी बरी आहे.

तुमचीच,
मेलेनाइते