दारू सोडलेल्या माणसाकडे दारूची किल्ली न देण्याबाबत

प्रति,
कामगार कल्याण अधिकारी,
पंप कारखाना, मुलुंड (पश्चिम)

विषय : श्री. दशरथ बाबाजी तावडे, स्टोअर विभाग, यांना सहलीच्या बाटल्यांपासून दूर ठेवण्याबाबत.

संदर्भ : फलकावरील आपली सूचना, "तावडे पीत नाहीत, सबब मनोरी सहलीचे मद्य त्यांच्या ताब्यात राहील."

साहेबांना नमस्कार.

१. अर्जदार तावडे याला आपण चांगले ओळखता. आपणच त्याला दारू सोडवण्यासाठी इस्पितळात पाठवले. परत आल्यावर कॅन्टीनमध्ये बाकावर उभे करून टाळ्या वाजवल्या आणि कामगार सुधारल्याचा अहवाल वर धाडला. आता वर्षअखेरची सहल आली. गेल्या वर्षीच्या बाटल्या मार्वेच्या धक्क्यापर्यंतही पोचल्या नव्हत्या, म्हणून आपण न पिणारा माणूस शोधलात. अख्ख्या कारखान्यात एकच सापडला. दारू न आवडणारा वेगळा आणि दारू सोडलेला वेगळा, हे आपल्या पदविकेच्या अभ्यासक्रमात नसावे.

२. बाटल्या प्रथमोपचाराच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, टिंक्चरच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. अर्जदार शेजारीच, स्टोअरमध्ये बसतो आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडे दिली आहे. त्याने ती, साहेब, आपल्या टेबलावर दोनदा परत आणून ठेवली. दोन्ही वेळा आपले कारकून मधुकर ती घेऊन आले. "अरे दशरथ, साहेबांचा विश्वास आहे तुझ्यावर! भाव कशाला खातोस, यार? पेगपण तूच भरायचेस, सगळ्यांना सारखे." असे ते म्हणाले. खोलीतले बाकीचे हसले. या सर्वांच्या तब्येतीची काळजी आपले खाते घेते.

३. (हा परिच्छेद अर्जदाराची पत्नी प्रेमा हिने वाचून खोडला. त्यात आपल्याविषयी होते.)

४. घरीही नाताळापासून सण सुरू होतो. मेहुणा येतो नि म्हणतो, "मेल्या, एक घोट घेतलंस तर मरतलंस काय?" त्याला अर्जदार तोंड देऊ शकतो, कारण मेहुण्याच्या बाटलीची किल्ली अर्जदाराच्या खिशात नसते. कारखान्याची असते. गुरुवारी पाळी सुटल्यावर अर्जदाराने कपाट उघडले. मोजदाद करायची, असे त्याने स्वतःला सांगितले. एक बाटली मांडीवर घेऊन तो स्टुलावर बसला आणि तिच्यावर नसलेली धूळ रुमालाने पुसत राहिला. सील शाबूत आहे ना, खात्री करून घ्यावी. तो उशिरा घरी गेला. प्रेमाने दार उघडले आणि त्याचे तोंड हुंगले. ती सवय तिने सोडून दिली होती. वास आला नाही, तरी ती बाजूला होईना. शेवटी एवढेच म्हणाली, "खय बसलेलास, ता सांग."

कुठे बसला होता, ते त्याने सांगितले. तिने पान वाढले, पण स्वतः जेवली नाही.

५. काल रविवारी सहलीचा बंगला ठरवायला अर्जदार मधुकर यांच्याबरोबर मनोरीला गेला. मार्वेहून सुटलेली होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा त्याने खिशातून किल्ली काढली, तिचा पितळी बिल्ला सोडवून घेतला आणि किल्ली पाण्यात टाकली. मधुकर ओरडले, "वाट लागली! साहेबांना आता काय सांगू रे मी?" होडीतल्या एका कोळणीने विचारले, "काय पडला रे?" अर्जदार म्हणाला, "साहेबांचा विश्वास." ती म्हणाली, "मग जाऊ दे, तरंगला असता तर बघितला असता."

६. सबब विनंती अशी की, कुलूप तोडायचे झाल्यास आपण स्वतः तोडावे. नवी किल्ली आपल्या खिशात ठेवावी. मनोरीला पेग आपणच भरावेत, हात थरथरत नसल्यास. सहलीच्या दोन्ही दिवशी अर्जदाराला पंप चाचणीच्या शेडमध्ये कामावर ठेवावे. तिथे फक्त पाणी असते. हे शक्य नसल्यास त्याला बिनपगारी घरी बसू द्यावे. दार प्रेमा सांभाळील. आणि आपल्या अहवालातून अर्जदाराचे नाव काढून टाकावे. तो सुधारलेला नाही. तो रोज थांबतो, एवढेच.

आपला,
(येथे 'विश्वासू' लिहितात. अर्जदाराने मुद्दाम लिहिलेले नाही.)

दशरथ बाबाजी तावडे
२२ डिसेंबर १९८६

सोबत : पितळी बिल्ला, एक. किल्लीशिवाय.