हँडलात पडलेला भंडारा

निमोणे,
फेब्रुवारी १९९८

ती. तात्याबामामांस,

शंभूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामीचा गुडघा आणि तुमचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल, गाडीही खुशाल (हे आधीच लिहितो, नाहीतर तुम्ही पुढचं वाचायचे नाहीत).

इनामगावला मुलगी बघायला जायचं म्हणून तुमची मोटारसायकल आणली खरी, पण तिचं हँडल वळवताना मधेच अडकायचं. आधीची दोन्ही स्थळं हातची गेलेली. या खेपेला तरी थाटात जावं म्हणून मी स्वतःच हँडल खोललं. आतले छर्रे रॉकेलात धुतले, नवं ग्रीस भरलं, वरचा नट बसवणार तोवर तुमची बहीण आली (तिच्यापुढं तुमचं चाललं नाही, माझं काय चालणार?). शुभकामाची गाडी, ती उघडलीच आहे, तर देवाचं नाव घेऊन तिनं मूठभर भंडारा थेट ग्रीसमध्येच टाकला. आता देवाची हळद पुसायची कशी? तशीच दाबून नट आवळला. निघताना हँडल जरा जड लागलं. म्हटलं, देवाचा हात असेल.

वडीलधारी मागून जीपनं येत होती, मी ऐटीत पुढं. मुलीच्या दारापुढं रस्ता वळला, गाडी काही वळेना. अहो, सरळ त्यांच्या कडब्याच्या गंजीत! लागलं काही नाही, पण हेही स्थळ गेलं म्हणून डोळे भरून आले, आणि ते पुसले त्याच हातांनी. हँडलखालून ओघळलेलं ग्रीस हाताला लागलेलं, त्यामुळं तोंड पिवळंधमक. सगळं घर बाहेर धावलं. मग मुलीची आजी बयाबाई काठी टेकत आली, माझं तोंड निरखलं आणि म्हणाली, "आरं, ह्यो तर हळद लावूनच आलाय! आता लांबवायचं कशाला?" असा हशा उठला म्हणता! जीप आली आणि तिथंच सुपारी फुटली. मामा, सुटलो बुवा एकदाचा! काल पोटभर जेवलो.

हँडल पुन्हा धुऊन काढलंय, आता एका बोटानं वळतं. (आईला आधी देवळात धाडलं होतं.)

थोरांना दंडवत, पोरांना पापे.

तुमचा धडधाकट भाचा,
शंभू

ता.क. गाडी माझीच आहे असं तिकडं आधीच सांगून बसलोय. तेव्हा साखरपुड्याला तुम्ही एसटीनंच या, आणि गाडीकडं बघून उसासे टाकू नका.

आणखी एक ता.क. मागच्या मडगार्डवर 'तात्याबा, भांडगाव' असं ठळक रंगवलंय, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. गाडी बाहेर ओढताना रुपालीनं (म्हणजे मुलीनं) ते वाचलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कडब्याची एक पेंढी उचलून त्यावर आडवी ठेवली. आजी आली ती त्यानंतर. माझं तेव्हाच ठरलं होतं.