हर्षदाच्या डोकेदुखीचा पुरावा

लिंबायत, सुरत

तीर्थस्वरूप सरलाताईस,

धुडकूचा दंडवत. तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत उत्तम, फक्त चेहरा पडलेला आहे. का, ते सविस्तर लिहितो.

आपली हर्षदा (माझी नात, वय नऊ, जीभ त्याहून मोठी) खो-खो खेळताना पाठीवर आपटली आणि आठवड्याने तिचं डोकं दुखू लागलं. दुखणं मोठं हुशार. शाळेसाठी उठली की सुरू, आडवी झाली की बंद. तीस वर्षं मी लूमच्या खात्यात कापड तपासतोय, सुटलेला धागा लांबून ओळखतो. ही पोरगी मला फसवणार? मी वही सुरू केली. किती वाजता उठली, किती मिनिटांनी दुखलं, आडवी झाल्यावर किती मिनिटांनी थांबलं. सोळा दिवसांचा पुरावा घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो, म्हणजे डॉक्टरीणबाईंनीच तिचं सोंग उघडं पाडावं.

बाईंनी वही दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "आजोबा, मुलगी खरं बोलतेय. तुम्हीच लिहून आणलंय."

ताई, पाठीच्या कण्याभोवती पाण्याची पिशवी असते आणि त्याच पाण्यावर मेंदू तरंगतो (हे मला साठीला कळलं, तोवर माझा कशावर होता कोण जाणे). पिशवीला भोक पडून पाणी झिरपलं की उभं राहताच मेंदू खाली ओढला जातो. भोक शोधायला आधी एमआरआय. त्या यंत्रात असा खडखडाट की कित्येक मुलांना झोपेचं औषध द्यावं लागतं. आपली लिंबायतची, लूमच्या आवाजातच वाढलेली, आत जाताच घोरायला लागली. बाहेर आलेलं पाणी दिसलं, भोक दिसेना. मग भूल देऊन, कमरेत सुई घालून त्या पाण्यात रंगाचं औषध सोडलं आणि वेगळ्या यंत्रावर फोटो काढले. रंग पक्का की कच्चा, हे मी विचारून घेतलं. लघवीतून निघून जातो म्हणाल्या (आमच्या शेठने असा माल परत पाठवला असता). फोटो दाखवताच मी बोट ठेवलं, हे बघा भोक. ती किडनी निघाली. खरं भोक पाठीच्या मध्यावर, केसाएवढी पांढरी रेघ बाहेर आलेली. मी चष्मा पुसून तीनदा पाहिली. गुरुवारी तिच्याच हातातलं रक्त काढून तिथे सोडणार आहेत, ते गोठून भोक बुजवेल. एका खेपेत नाही बुजलं तर पुन्हा. मला फार भीती वाटते.

भाऊजींना नमस्कार, पोराटोरांना आशीर्वाद.

तुझा
धुडकू

ता. क. पत्राचं खरं कारण आता. पोरगी नाटकी आहे असं मी तुला फोनवर सांगितलं आणि तू ते सगळ्या भाऊबंदांत पोचवलंस (त्यात तुझा हात कोणी धरणार नाही). तितक्याच तडफेने आता उलटं पोचव. आणि बुधवारी ये. सुई टोचताना तिच्याजवळ तू बस, माझ्याने बघवणार नाही.

आणखी एक. एका सकाळी मी तिला चाळीस मिनिटं भिंतीशी उभं केलं होतं. ती रडत आडवं होऊ द्या म्हणत होती आणि मी घड्याळ बघत होतो. हे तिने बाईंना सांगितलं नाही. परत येताना रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, तेव्हा विचारलं, का नाही सांगितलंस. म्हणाली, "आबा, मॅडम तुमच्यावर ओरडल्या असत्या ना."