जुवाची टॉवेलदांडी

रविवार, संध्याकाळ

चार रविवार घालवून टॉवेलची दांडी आज एकदाची झाली. गावी, वाटूरच्या आमच्या गोठ्यात पडलेलं बैलांचं जू मागच्या खेपेला गुपचूप आणल्तं. त्याची दोन टोकं कापून बाथरूमच्या भिंतीला बसवली, भोकांतून नळाचा पाइप घातला. बराबर बसला! दारामागच्या खिळ्याची कटकट संपली, असं बायकोला ऐटीत सांगितलं.

दुपारी गावाहून अण्णा आले. वडलांना न विचारता त्यांचं जू कापलं, हे तेव्हा कुठं डोक्यात आलं. ते हातपाय धुवायला गेले, ते बाहेरच येईनात. मंग आवाज आला, "सूनबाई, हळदकुंकू आण."

मी भीत भीत डोकावलो. माझा टॉवेल बादलीवर, आणि अण्णा जुवाला हात जोडून उभे. ओरडले असते तर परवडलं असतं!

"भिंतीवर लावलंस, बरं केलंस," म्हणाले. "पण बैलांच्या मानेवरची वस्तू हाय. हिच्यावर चड्ड्या टाकू नको."

"न्हाई टाकत." दुसरं काय म्हणणार?

बायको अजून हसून राह्यली. टॉवेलचीही सोय झाली म्हणा. अण्णांनी जाण्याआधी दारामागं स्वतःच्या हातानं दुसरा खिळा ठोकून दिला. दोन मिनिटांत.