रिकामा डबा परत देत नाहीत

नागपूर, २० नोव्हेंबर १९५८

चि. नाना यास दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तुमची खुशाली कळावी.

शुक्रवारी, अठ्ठावीसला, कापसाचे जपानी व्यापारी हायाशी यांना घेऊन मी येतो. त्यांची पेढी आपल्या जिनिंग कारखान्याशी जोडली जावी ही तुझी इच्छा; पण आधी घर जुळतं, मग कापूस. म्हणून थोडं ऐक. वस्तू दोन्ही हातांनी द्यावी-घ्यावी. भेट त्यांच्यासमोर उघडू नये. ते गप्प बसले तर तू बडबडू नकोस. त्यांच्यात गप्प बसणं म्हणजे नकार नव्हे. तुझ्या वच्छलाला सांग, आग्रह बेताचा. ते ताटात काही टाकत नाहीत. ती वाढत राहील आणि बिचारे जेवत राहतील! आपली भाषा त्यांना येत नाही, दुभाषी मीच.

याच पेढीचे इवातासाहेब एकेचाळीसच्या हंगामात बाबांकडे येत. तू तेव्हा अमरावतीला शिकत होतास. ती ओळख काढावी की नाही, माझं अजून ठरत नाही.

प्रकृतीस जपा.
तुझा दादा, पुंडलिक

आर्णी, २७ नोव्हेंबर

ती. दादांचे चरणी नानाजीचा साष्टांग नमस्कार.

पाहुणे काल बुधवारीच येऊन गेले, तेही एकटे. दोन दिवस आधी धाडलं, मले कळवलं काहून नाही? भर दुपारी ओट्यावर उभे. आधी दाराला वाकून नमस्कार केला. वच्छलाले हसू आवरेना. स्टँडवरून पायी आले म्हणे, पण जोड्यांवर धुळीचा कण नाही.

भाषा येत नाही म्हणता? मले चांगलं वऱ्हाडीत विचारलं, बाबा घरी हायेत काय. बाबाले जाऊन नऊ वर्षं झाली म्हटलं, तर कितीतरी वेळ गप्प. मीही गप्प बसलो, तुमचा शब्द पाळला! गूळपाणी दोन्ही हातांनी घेतलं. कापसाचं नावही काढलं नाही. फडक्यात बांधलेली भेट ठेवली. तुम्ही येईपर्यंत उघडत नाही. रिकाम्या हातानं कसं धाडावं म्हणून वच्छलानं पितळी डब्यात तिळाचे लाडू भरून दिले. पाठ न दाखवता मागं मागं चालत गेले. मी जोडे घालून वळणावर पोचलो, तर रस्ता मोकळा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमचा नाना

नागपूर, ३० नोव्हेंबर

चि. नानास आशीर्वाद.

येत नसल्याची तार मिळालीच असेल. हायाशी सोमवारपासून तापानं अंथरुणात आहेत. बुधवारी दुपारी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो.

आता तुला सांगायलाच हवं. डिसेंबर एकेचाळीस. जपानशी युद्ध सुरू झालेलं, पोलीस जपान्यांना उचलत होते. बाबा फुलसावंगीला गेले होते. भर दुपारी इवातासाहेब आर्णीच्या आपल्या दारात आले, बाबा घरी आहेत काय असं विचारलं. लपायला जागा मागतील या भीतीनं मी कडी घातली आणि आतूनच नाहीत म्हणालो. फटीतून पाहिलं. दोन्ही हातांत फडक्यात बांधलेलं काही होतं. बंद दाराला वाकले आणि पाठ न दाखवता गेले. पुढे पोलिसांनी त्यांना धरलं; नजरकैदेच्या छावणीतच वारले.

ते खरंच आश्रय मागत होते का? सतरा वर्षं रोजनिशीत हाच प्रश्न लिहितो आहे. मी भ्यालो हे खरं. त्याला सावधपणा म्हणत आलो, ते खोटं. बाबांनाही कधी सांगितलं नाही.

ते फडकं सोड.
दादा

आर्णी, ५ डिसेंबर

ती. दादांना नमस्कार.

सोडलं. आत आपलाच डबा, झाकणावर बाबांचं नाव कोरलेलं, ‘उकंडराव, आर्णी’. आई मरेपर्यंत हा डबा शोधत होती. बाबांनी दसऱ्याले गूळ भरून साहेबांकडे धाडला, तो परतला नाही म्हणायची. दादा, ते आश्रय मागायले नव्हते आले. डबा परत करायले आले होते. आणि रिकामा नाही, काठोकाठ साखर. तीन दिवस ओट्यावर उघडा आहे; एक मुंगी फिरकली नाही.

आता वच्छलाचं ऐका. लाडवांचा डबा तिनं दिला, तो त्यांच्याकडे आहे. सतरा वर्षांनी ज्यानं एक भांडं आणून दिलं, तो दुसरं ठेवून घेणार नाही, म्हणते. दुपार झाली की दाराकडे पाहत बसते. मी उघडणार नाही म्हणते. खरं सांगतो, माझाही हात धजत नाही.

वाट पाहतो.
नाना

नागपूर, ७ डिसेंबर

चि. नानास आशीर्वाद.

हायाशींना सगळं सांगितलं, माझ्या कडीसकट. ते उठून बसले आणि आर्णीच्या दिशेनं वाकले.

बुधवारी पहिल्या मोटारीनं निघतो, दुपारच्या आत पोचेन. वच्छलाला म्हणावं, भिऊ नकोस, गूळपाणी तयार ठेव. तोवर दाराला आतून कडी असू दे. मी मागच्या दारानं येईन.

ती कडी मीच काढीन.
दादा